लिव्हरपूलची उन्हाळी खरेदी: आलेले मोजू नका, गेलेले मोजा

प्रश्न असा आलाय: "लिव्हरपूलने २०२५ मध्ये इंग्लिश फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकली. लगेच पुढच्या उन्हाळ्यात ४० कोटी पाउंडांहून जास्त पैसे खेळाडूंवर ओतले. आणि नोव्हेंबर संपेपर्यंत बारापैकी नऊ सामने हरून बसले. खरेदी फसली का? आणि एवढा पैसा उधळून हे लोक नियमांत बसतात तरी कसे? तुम्ही सीए आहात आणि जुने लिव्हरपूलवाले आहात, म्हणून विचारतोय."

आधी जुना म्हणजे किती जुना ते सांगतो, म्हणजे पुढचं कोणत्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. २००५ मध्ये इस्तंबूलला युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल झाली तेव्हा मी आर्टिकलशिप करत होतो. ठाण्यातल्या आमच्या खोलीवर मध्यंतराला मिलान ३-० पुढे. खोलीतला जोडीदार "सकाळी ऑडिटला जायचंय" म्हणून पांघरूण ओढून झोपला. मी जागा राहिलो आणि लिव्हरपूलने तिथून सामना जिंकलेला पाहिला. त्या एका जागरणाची किंमत वीस वर्षं मोजतोय. तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. हिशेब मात्र चोख करीन, तो धंदाच आहे.

माझं मत थोडक्यात असं: माल चांगला आणला, पण घरातून काय काय गेलंय याची यादी बाजारात निघण्यापूर्वी कोणी नीट केली नाही. ट्रान्सफर विंडोची, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरलेल्या मुदतीची, चर्चा आपण नेहमी आलेल्यांच्या नावांवर करतो. खरा ताळा लागतो तो गेलेल्यांच्या कामांवरून.

विंडो बंद झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. १ सप्टेंबर, सोमवार, घरी गौरीपूजन. आदल्या संध्याकाळी गौरी घरात आल्या आणि रात्री आर्सेनलविरुद्ध मधल्या फळीतल्या सोबोस्लाईने ८३व्या मिनिटाला लांबून ती फ्री-किक हाणली, १-०. आई म्हणाली, गौरी पावल्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, घरभर पाहुणे, माझ्या डोक्यावर १५ सप्टेंबरची रिटर्नची मुदत आणि फोन मखराच्या मागच्या सॉकेटला चार्जिंगला लावलेला. आपल्याकडच्या रात्री साडेअकराला विंडो बंद होणार होती. दर दहा मिनिटांनी मी गौरींचा आशीर्वाद घ्यायला जातोय असं पाहुण्यांना वाटत असावं.

त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. न्यूकॅसलहून आघाडीवीर अलेक्झांडर इसाक आला, १२ कोटी ५० लाख पाउंडांना. ब्रिटनमध्ये एका खेळाडूसाठी मोजलेली सर्वात मोठी रक्कम, आपल्या रुपयांत पंधराशे कोटींच्या आसपास. आणि क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार मार्क गेही आला नाही. साडेतीन कोटी पाउंडांवर बोलणी पक्की झाली होती, त्याची वैद्यकीय तपासणीही झाली होती. पण पॅलेसला त्याच्या जागी हवा असलेला बचावपटू ऐनवेळी वेस्ट हॅमला गेला आणि पॅलेसने हात आखडता घेतला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता. इसाकसाठी मी पेढा खाल्ला. गेहीसाठी रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही. या दोनांतली मोठी बातमी कोणती ते पोटात तेव्हाच कळलं होतं, तोंडाने कबूल करायला नोव्हेंबर उजाडला.

आता गेलेल्यांकडे येतो.

राइट-बॅक, म्हणजे उजवा बचावपटू, ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड सहा वर्षांचा असताना क्लबात आला, आणि करार संपता संपता रेआल माद्रिदला गेला. क्लब वर्ल्ड कपसाठी महिनाभर आधी सोडावा म्हणून रेआलने एक कोटी युरोच्या आसपास टेकवले, तेवढेच हाती लागले. त्याच्या बचावाला लोकांनी वर्षानुवर्षं नावं ठेवली, त्यात मीही होतो. पण त्याचं काम काय होतं ते आठवून बघा. चेंडू उजव्या बाजूला ट्रेंटच्या पायाशी. उजवीकडचा आघाडीवीर सलाह समोर टचलाइनला चिकटून, त्याच्या अंगावर अजून एकच माणूस. ट्रेंट मान वर न करता चेंडू सोडायचा, कधी सलाहच्या पुढ्यात, कधी थेट पलीकडच्या टोकाला तिरका. समोरच्या संघाची दुसरी फळी सरकेपर्यंत सलाह एकास एक भिडलेला असायचा. २०२४-२५ मध्ये सलाहने लीगमध्ये २९ गोल केले आणि १८ करवून दिले. ट्रेंट गेल्यावर, २०२५-२६ मध्ये, तोच चेंडू सलाहला दोन सेकंद उशिरा मिळतो, पायात मिळतो, पाठ गोलकडे असताना मिळतो, आणि तोवर अंगावर दोघे आलेले असतात. तेहतिशीतल्या माणसाला दोन सेकंद म्हणजे फार झाले. सलाह संपला असं म्हणणाऱ्यांनी जुने सामने लावून त्याला चेंडू कधी मिळत होता तेवढंच बघावं. मग डिसेंबरात लीड्सच्या ३-३ नंतर त्याने पत्रकारांपुढे जी वाफ काढली ती काढायला नको होती हे खरं. पण वाफ साचली का, ते इथे आहे.

ट्रेंटच्या जागी लेव्हरकुसेनचा जेरेमी फ्रिमपाँग आणला, जवळपास तीन कोटी पाउंडांना. पळायला विजेसारखा. पण तो पळणारा बॅक आहे, पास देणारा नाही, आणि मांडीच्या स्नायूच्या (हॅमस्ट्रिंग) दुखापतीने त्याला पुन्हा पुन्हा बाहेर बसवलं. एका राइट-बॅकच्या जागी दुसरा राइट-बॅक आला, कागदावर रकाना भरला. काम मात्र भरलं गेलं नाही. दुकानातला तीस वर्षांचा मुनीम निवृत्त झाला आणि त्याच्या जागी चपळ डिलिव्हरी बॉय घेतला, तर पगारपत्रकावर माणसं तेवढीच दिसतात.

डावीकडचा आघाडीवीर लुईस दियाझ बायर्न म्युनिकला गेला, सुमारे साडेसहा कोटी पाउंडांना. अठ्ठावीस वर्षांच्या खेळाडूला हा भाव म्हणजे विक्री उत्तम, असं मीही जुलैत म्हणालो होतो. लीगमध्ये त्याचे १३ गोल होते. ते भरून काढणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्याचं धावणं. समोरच्या गोलकीपरने चेंडू हातात घेतला की दियाझ पहिला अंगावर जायचा, गोलसाठी नव्हे, पास वाकडा जावा म्हणून. तो वाकडा पास मधल्या फळीत ग्राव्हेनबर्खला आयता मिळायचा आणि आपण म्हणायचो, वा, काय अंदाज आहे या पोराचा! निम्मा अंदाज दियाझच्या पायांचा होता. त्याची सात नंबरची जर्सी फ्लोरिआन व्हिर्ट्झला मिळाली, रियाधच्या अल हिलालला गेलेल्या डार्विन नुन्येझची नऊ इसाकला.

आपला आघाडीवीर दिओगो जोटा, त्याच्याबद्दल हिशेबाच्या भाषेत लिहिणं मला जमत नाही. ३ जुलैला स्पेनमध्ये झालेल्या अपघातात तो आणि त्याचा भाऊ गेले. लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. क्लबने वीस नंबर कायमचा निवृत्त केला, आणि अजूनही प्रत्येक सामन्यात विसाव्या मिनिटाला त्याचं गाणं उठतं. मैदानावर पाय अडखळले की लोक डावपेच शोधतात. ड्रेसिंगरूममधली एक खुर्ची रिकामी झालेल्या संघाने पहिल्या तीन महिन्यांत काय खेळावं, याचं गणित माझ्याकडे नाही. टीका करताना मी हे विसरत नाही, तुम्हीही विसरू नका.

आणि गेलेल्यांत एक असा आहे जो क्लब सोडून गेलाच नाही: सोबोस्लाई. विजेत्या मोसमात तो आघाडीच्या मागे खेळायचा. त्याचं काम होतं सलाहच्या मागची सगळी जमीन झाकणं. सलाह वर थांबायचा, परत यायचा नाही; ती उधारी सोबोस्लाई आपल्या फुप्फुसांनी फेडायचा. व्हिर्ट्झला खेळवायचं म्हणून सोबोस्लाईची जागा हलली. ऑगस्टमध्ये तो चक्क राइट-बॅक होता. तिथेही बिचारा चांगलाच खेळला, पण सलाहच्या मागची उधारी थकत गेली. एक माणूस आणताना तुम्ही दोन माणसांच्या सवयी मोडता, हे किमतीच्या चिठ्ठीवर छापलेलं नसतं.

व्हिर्ट्झबद्दल मात्र मी ठाम आहे, तो फसलेला सौदा नाही. दहा कोटी पाउंड अधिक अटी पूर्ण झाल्या तरच द्यायचे एक कोटी साठ लाख. लेव्हरकुसेनला बुंडेसलीगा एकही सामना न हरता जिंकून देणाऱ्या संघाचा तो मेंदू होता. लीगमधला पहिला गोल यायला २७ डिसेंबर उजाडला, वुल्व्ह्जविरुद्ध, तोवर सोशल मीडियावर त्याच्या नावाने शिमगा झाला. पण त्याचे पास बघा. तो जिथे चेंडू सोडतो तिथे कोणी पोचलेलंच नसतं, कारण तिथे पोचायची सवय ज्यांना होती ते म्युनिकला आणि रियाधला गेले.

एकितिके हा या उन्हाळ्यातला सर्वात चोख सौदा. फ्रँकफर्टहून सहा कोटी नव्वद लाखांना, वर अटींचे एक कोटी. न्यूकॅसललाही तोच हवा होता, म्हणजे आपण त्यांच्याकडून आधी बदली आघाडीवीर हिसकावला आणि मग मूळ आघाडीवीर मागितला. न्यूकॅसलवाले का चिडले ते मला समजतं. पहिल्याच लीग सामन्यात बोर्नमथविरुद्ध त्याने गोल केला. सप्टेंबरात लीग कपमध्ये साउदम्प्टनविरुद्ध शेवटी गोल करून जर्सी काढली, दुसरं पिवळं कार्ड, बाहेर. मूर्खपणा, पण वयाचा मूर्खपणा.

मग इसाक कशाला? इथे माझं आणि माझ्या निम्म्या मित्रांचं जमत नाही. एकितिके आल्यावर नऊ नंबरचा, म्हणजे मुख्य आघाडीवीराचा, प्रश्न सुटला होता. इसाकने न्यूकॅसलमध्ये सरावाला नकार दिला, उन्हाळाभर एकटाच घाम गाळत बसला, सरावसामने नाहीत, संघासोबत तयारी नाही. तो १ सप्टेंबरला आला तेव्हा त्याच्या अंगात सामन्याचा दम नव्हता. लीगमधला पहिला गोल ३० नोव्हेंबरला, वेस्ट हॅमविरुद्ध. २० डिसेंबरला टॉटनहॅमविरुद्ध गोल मारता मारताच पाय मोडला. हे शेवटचं दुर्दैव, त्याचा दोष कोणाला देणार? पण ऑगस्ट अखेरीस तुमच्याकडे सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, अडीच आहेत आणि खिशात साडेबारा कोटी पाउंड आहेत, आणि तुम्ही आघाडीवीर घेता. आपल्याकडे याला म्हणतात जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

अडीच कसे ते मोजून देतो. व्हॅन डाइक, वय ३४. कोनाते, कराराचं शेवटचं वर्ष, मन कुठे आहे कोणास ठाऊक. जो गोमेझ, ज्याच्या दुखापतींची फाइल माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही फाइलपेक्षा जाड आहे. तो अर्धा धरला. बावीस वर्षांचा क्वान्सा लेव्हरकुसेनला विकला. त्याच्या जागी पार्माचा अठरा वर्षांचा जोव्हानी लिओनी, दोन कोटी साठ लाखांना. पोरगा पहिल्याच सामन्यात इतका शांत खेळला की मी बायकोला उठवून दाखवणार होतो. त्याच सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, मोसम संपला. साउदम्प्टनचीच ती रात्र. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत गेही न येण्याची पूर्ण किंमत वसूल व्हायला सुरुवात झाली.

पुढचं तुम्ही पाहिलंय. पॅलेसकडून ९७व्या मिनिटाला, लांब थ्रो-इनवरून गोंधळ आणि न्केटिया मोकळा. ब्रेंटफर्डमध्ये पाचव्याच मिनिटाला पुन्हा लांब थ्रो-इन, पुन्हा गोल. २०२५-२६ च्या मोसमात अख्ख्या लीगने थ्रो-इन आणि कॉर्नर हे हत्यार म्हणून परजलंय, आणि आपण उंच, हवेत भांडणारा बचावपटू सोडून बाकी सगळं विकत घेतलं. चेल्सीकडून हार, मग आपल्याच अ‍ॅनफील्ड मैदानावर मँचेस्टर युनायटेडकडून, २०१६ नंतर पहिल्यांदा. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट घरी येऊन तीन मारून गेले, चार दिवसांनी पीएसव्हीने चार. फॉरेस्टच्या तिसऱ्या गोलनंतर मी टीव्ही बंद करून बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घातले. रात्री. बायकोने काही विचारलं नाही, वीस वर्षांत तीही शिकली आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पैशांचा. इथे मी जरा रमणार, नको असेल तर पुढचे चार परिच्छेद सोडा.

खेळाडूची किंमत ज्या दिवशी ठरते त्या दिवशी ती सगळी खर्चात पडत नाही. कारखान्याने लेथ मशीन घेतलं तर पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा होते का? नाही, दरवर्षी घसारा लागतो. तसंच इथे. खेळाडूची रक्कम कराराच्या वर्षांवर विभागायची, फक्त करार सहा वर्षांचा असला तरी हिशेबात पाचच वर्षं धरायची. चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार करून जी पळवाट काढली होती ती २०२३ च्या डिसेंबरात प्रीमियर लीगने बुजवली. म्हणजे इसाकचा बोजा वर्षाला अडीच कोटी. व्हिर्ट्झचा दोन कोटी. एकितिकेचा एक कोटी अडतीस लाख. लेफ्ट-बॅक केर्केझ चार कोटींचा, त्याचे ऐंशी लाख. फ्रिमपाँगचे एकोणसाठ लाख, लिओनीचे बावन्न. आदल्या वर्षीच ठरवून ठेवलेला गोलकीपर मामार्दाश्विली अडीच कोटींचा, त्याचे पन्नास. मी अटींवरच्या रकमा आणि दलाली बाजूला ठेवल्यात. बेरीज करा: खरेदी साडेएकेचाळीस कोटींच्या घरात, पण वर्षाचा घसारा सव्वाआठ-साडेआठ कोटी.

विक्रीचं गणित याच्या उलट, आणि तिथेच खरी गंमत आहे. विक्रीचा नफा सगळा त्याच वर्षी जमा होतो. दियाझ २०२२ च्या जानेवारीत तीन कोटी सत्तर लाखांना घेतला, साडेपाच वर्षांचा करार. साडेतीन वर्षं झिजल्यावर वहीत त्याची किंमत उरली एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास. विकला साडेसहा कोटींना. नफा पाच कोटींहून जास्त. नुन्येझची तर ऐका. मूळ रक्कम सहा कोटी चाळीस लाख, करार सहा वर्षांचा, तीन वर्षं झाली, वहीत राहिले तीन कोटी वीस. अल हिलालने दिले चार कोटी साठ लाख. चाहता म्हणतो एक कोटी ऐंशी लाखांचा घाटा, वही म्हणते एक कोटी चाळीस लाखांचा नफा. दोघेही खरं बोलतात. क्वान्सा आणि गोलकीपर केलेहर क्लबच्याच अकादमीतून वर आलेले. वहीत किंमत शून्य, म्हणून आलेला पैसा जवळपास सगळाच नफा, दोघांचे मिळून चार कोटींच्या वर. बेन डोकला काही लाखांत आणलं होतं, बोर्नमथने दोन कोटी दिले.

सगळा गोळा केला तर पहिल्या वर्षीचा विक्रीचा नफा त्या वर्षीच्या घसाऱ्यापेक्षा जास्त भरतो! म्हणजे ज्या उन्हाळ्यात क्लबने पैसा उधळला असं सगळं जग म्हणतंय, त्या उन्हाळ्याने पहिल्या वर्षीच्या वहीला मदतच केली. वर आदल्या उन्हाळ्यात प्रशिक्षक स्लॉटला फक्त किएझा मिळाला होता, एक कोटीचा; म्हणजे मागची पाटी कोरी. लीग जिंकल्याचं बक्षीस, चॅम्पियन्स लीगचे पैसे. तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पाउंडांपेक्षा जास्त तोटा नको, असा प्रीमियर लीगचा २०२५-२६ पर्यंतचा नियम. लिव्हरपूल त्याच्या जवळपासही नाही. क्लबची खरेदी-विक्री ठरवणाऱ्या मायकल एडवर्ड्स आणि रिचर्ड ह्यूज या दोघांना मी बाकी कशावरूनही बोल लावीन, आकडेमोडीवरून नाही.

पण पहिलं वर्ष गोड असतं. दियाझ एकदाच विकता येतो. घसारा मात्र पाच वर्षं दर जूनला हजर, आणि त्यावर पगार वेगळे. २०२६-२७ पासून तर लीगचा नियमच बदलतोय: संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा, असं नोव्हेंबरात क्लबांनी मतदानाने ठरवलं. त्यामुळे ही एकदाच उडवायची दिवाळी होती. अशा वर्षी फटाके कुठे लावायचे याचा विचार जास्त हवा होता.

कोणी म्हणेल, हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण. नाही हो, आपल्याच क्लबने दोन्ही धडे गिरवलेत. २०१४ मध्ये सुआरेझ बार्सिलोनाला गेला. आलेल्या पैशांत लालाना, मार्कोव्हिच, लोव्रेन, बालोटेली आणि आणखी कितीतरी जण. संघात पर्याय वाढले म्हणून मी ऑफिसात मिठाई वाटली होती. बालोटेलीने मोसमभरात लीगमध्ये एक गोल केला, एक. दुसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर आलो, आणि शेवटच्या दिवशी स्टोकने सहा घातले. तेव्हाही सगळे सुआरेझचे गोल मोजत होते. त्याचं पिसाळल्यासारखं बचावपटूंच्या मागे लागणं कोणी मोजलं नाही.

२०१८ मध्ये उलट. कुटिन्यो गेला, चौदा कोटींच्या वर पैसे आले. दुसरा कुटिन्यो शोधत बसले नाहीत. त्याच जानेवारीत व्हॅन डाइक आणला, आणि कीव्हच्या फायनलमध्ये गोलकीपर कारियुसचे हाल पाहून उन्हाळ्यात नवा गोलकीपर अलिसन. छप्पर गळत होतं, छप्परच शाकारलं. वर्षभरात चॅम्पियन्स लीग, पुढच्या वर्षी लीग. तो निर्णय घेणाऱ्यांत हेच एडवर्ड्स होते, म्हणून यंदाचं जास्त लागतं.

केर्केझबद्दल दोन वाक्यं, कारण विचारणारे पुष्कळ आहेत. ह्यूजनेच त्याला आधी बोर्नमथला नेलं होतं, म्हणून ओळखीचा माल. बर्नलीत पिवळं कार्ड मिळाल्यावर स्लॉटने पहिल्याच अर्ध्यात बाहेर काढलं तेव्हा मी शिव्या घातल्या, पण पोरगा तेव्हा बावीसचाही नव्हता आणि त्या जागेवरच्या रॉबर्टसनची सावली मोठी आहे. थांबा.

स्लॉटचा दोष किती? थोडा आहे. सलग सामने हरतानाही मधली फळी उघडी टाकून खेळत राहिला, आणि सलाहला बाकावर बसवायला उशीर केला की घाई केली यावर आमच्या ग्रुपवर अजून भांडणं चालू आहेत. पण आदल्या वर्षी त्याने जवळपास काहीही न मागता लीग जिंकून दिली. चार महिन्यांत अर्धी आघाडी, दोन्ही बॅक आणि सलाहच्या मागची व्यवस्था बदलून टाकायची, वर एका मित्राचं सुतक, आणि मग म्हणायचं, गेल्या वर्षीसारखं खेळा.

जानेवारी २०२६ मध्ये हे लिहीत असताना बातमी पक्की झालीय: गेही मँचेस्टर सिटीला गेला, दोन कोटी पाउंडांना. आपण साडेतीन द्यायला तयार होतो. करार संपायला सहाच महिने उरलेले, म्हणून भाव पडला. तो जूनमध्ये फुकटच येईल म्हणून आपण स्वस्थ बसलो होतो, असं म्हणतात. खरं-खोटं ते जाणोत. सिटीने ते सहा महिने विकत घेतले.

आणि आता त्याच खिडकीत कोनाते उभा आहे. २०२१ मध्ये साडेतीन कोटींच्या वर देऊन आणलेला, वहीत किंमत संपत आलेली, करार जून २०२६ पर्यंतचा. तो फुकट गेला तर ट्रेंटनंतर लागोपाठ दुसरा. रोज सकाळी ऑफिसला जाताना लोकलमध्ये पहिली बातमी मी ती शोधतो, आघाडीवीरांची नाही.